आडनाव नंतर, आधी गाव

घराण्याचा इतिहास ऑनलाइन नोंदींतून शोधणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. त्यातले नऊ प्रश्न आणि उत्तरे खाली दिली आहेत. एकसारख्या प्रश्नांचे एकच उत्तर केले आहे.

प्रश्न (पिंपरी): वंशावळ शोधून देणाऱ्या दोन परदेशी संकेतस्थळांवर आमचे आडनाव आणि पणजोबांचे नाव टाकून पाहिले. काही सापडले नाही. वर्षाची वर्गणी भरली तर आणखी लाखो नोंदी दिसतील असे ते सांगतात. भरावी का?

उत्तर: भरू नका. त्या संकेतस्थळांचा मूळ साठा युरोप-अमेरिकेतला आहे: तिकडच्या जनगणनेच्या घरवार याद्या, चर्चमधले बाप्तिस्मे आणि लग्ने, जहाजांच्या उतारू-याद्या. आपल्याकडे जनगणनेतली माणसागणिक माहिती कायद्याने गोपनीय असते, त्यामुळे ती कितीही पैसे भरले तरी दिसणार नाही. भारताच्या नावाखाली तिथे जे असते ते मुख्यतः गोरे अंमलदार, गोरे सैनिक आणि ख्रिस्ती कुटुंबे यांचे. मुंबई इलाख्यातल्या चर्च-नोंदी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन-३’ या मालिकेत आहेत. त्यांवरच्या शोधासाठी ‘फिबिस’ या ब्रिटिश संस्थेची सूची फुकट पाहता येते. तुमचे घराणे ख्रिस्ती असेल किंवा एखादी शाखा इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झाली असेल, तरच वर्गणीचा विचार करा. तोही एका महिन्यापुरता.

मुळात आडनावाने शोधणे हीच आपल्याकडे चुकीची सुरुवात ठरते. जुने दप्तर जमिनीसाठी, साऱ्यासाठी, वतनासाठी लिहिले गेले. माणूस त्यात येतो तो ‘राणू बिन सखोजी’ असा, म्हणजे सखोजीचा मुलगा राणू. आडनाव असलेच तर बापाच्या नावापुढे ‘पाटील’, मुलाच्या नावापुढे मूळ कुळाचे आणि नातवाच्या नावापुढे गावावरून पडलेले, असे तीन पिढ्यांत तीन प्रकार दिसतात. गाव मात्र फारसे बदलत नाही. म्हणून आधी कागदावर मूळ गाव, तेव्हाचा तालुका, तेव्हाचा जिल्हा आणि भावकीच्या शेताची नावे लिहून काढा.

तेव्हाचा जिल्हा यावर भर देण्याचे कारण आहे. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, तर लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. वाशिम १९९८ पर्यंत अकोल्यात, नंदुरबार तेव्हापर्यंत धुळ्यात आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता. १९४९ ते १९६० या काळातला सांगलीकडचा कागद ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली असतो. रायगडच्या जुन्या नोंदी ‘कुलाबा’ म्हणून शोधाव्या लागतात. मोबाइलवर आजचा जिल्हा निवडून ‘नोंद नाही’ असे उत्तर आले की निम्मे लोक तिथेच थांबतात.

प्रश्न (बारामती): आमच्या सातबाऱ्यावर वडील आणि चुलते आहेत. आजोबांच्या वडिलांच्या आधीचे नाव घरात कुणालाच माहीत नाही. ‘आपले अभिलेख’वर जुने कागद मिळतात म्हणतात, पण तिथे नाव टाकायची जागाच नाही.

उत्तर: जागा नाही कारण तो साठा नावावर लावलेलाच नाही. तो गाव, कागदाचा प्रकार आणि क्रमांक यांवर लावलेला आहे. क्रमांक आधी हातात यायला हवेत आणि ते आजच्या सातबाऱ्यावरच छापलेले असतात. खातेदाराच्या नावाजवळ कंसात एक फेरफार क्रमांक (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) असतो आणि खाली ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून एक ओळ असते. ती ओळ म्हणजे तुमची शिडी. सगळे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहून घ्या.

आता महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’वर खाते उघडा. नियमित शोधात कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने निवड करा. कागदाचा प्रकार ‘फेरफार’ निवडा आणि मूल्याच्या रकान्यात क्रमांक टाका. आलेली ओळ कार्टमध्ये घ्या, कार्ट तपासून पुढे जा आणि सारांशाच्या पानावर फाइलची स्थिती ‘उपलब्ध’ झाली की उघडा. फाइल नव्या खिडकीत उघडते, त्यामुळे ब्राउझरने पॉप-अप अडवले असतील तर काहीच घडत नाही आणि संकेतस्थळ बंद पडले असे वाटते. कार्यालयाची निवड नीट करा. फेरफार आणि जुने सातबारे तहसील कार्यालयाखाली असतात. टिपण, गुणाकार बुक, आकारफोड, कमी-जास्त पत्रक ही मोजणीची कागदपत्रे भूमी अभिलेख कार्यालयाखाली येतात. एका पानावर दोन-तीन फेरफार लिहिलेले असतात. हवा तो क्रमांक सापडला नाही तर मागचे-पुढचे दोन-तीन क्रमांक मागवून बघा. सगळी गावे आणि सगळी वर्षे चढलेली नाहीत. जिथे नसेल तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज हाच मार्ग उरतो. पडद्यावरची प्रत माहितीसाठी पुरते. कोर्टात किंवा दाखल्यासाठी सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

वारसाचा फेरफार कसा वाचायचा ते एका काल्पनिक नोंदीवर दाखवतो. मजकूर साधारण असा असतो: ‘सखाराम बिन राणू हा मयत. वारस मुलगे १ बाळा, २ गणू अज्ञान, अ. पा. क. आई ठकूबाई भ्रतार सखाराम. बाळा सखाराम याचे नाव ए. कु. मॅ. म्हणून दाखल केले.’ या तीन ओळींत तीन पिढ्या आहेत: राणू, त्याचा मुलगा सखाराम आणि सखारामची दोन मुले. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. यावरून गणू त्या वर्षी अठराच्या आत होता हे कळते आणि त्याचे जन्मसाल अंदाजाने बांधता येते. ‘भ्रतार’, ‘मर्द’ किंवा ‘कोम’ या शब्दांपुढे नवऱ्याचे नाव येते. आजीचे नाव असे अवचित हाती लागते.

‘ए. कु. मॅ.’ या तीन अक्षरांवर मात्र बोट ठेवून थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव सातबाऱ्यावर चढले आहे, धाकटे भाऊ त्याच्या मागे आहेत पण दिसत नाहीत. वंशावळ काढताना सर्वाधिक शाखा इथे गळतात. पुढे कधीतरी वाटपाचा फेरफार झालेला असतो आणि त्यात सगळे भाऊ एकदम बाहेर येतात. तो शोधून काढाच. तसेच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या नोंदींत मुलगे असताना मुलींची नावे बहुधा येत नाहीत. म्हणून ‘पणजोबांना मुलगी नव्हती’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

शिडी मध्येच तुटते ती गट क्रमांकापाशी. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव योजना राबली तसे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट २१२ घेऊन १९२५ चा कागद मागवलात तर दुसऱ्याच कुणाचे शेत समोर येईल. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ एकत्रीकरणाच्या ‘९(३) ९(४)’ या उताऱ्यात असतो. तो आधी काढा. कोकणात बऱ्याच गावांत आजही सर्व्हे नंबर आणि हिस्साच चालतो, तिथे ही अडचण कमी येते.

तळ कुठे लागतो? मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. तो प्रत्येक गावात वेगवेगळ्या वर्षी लागू झाला, म्हणून फेरफार क्रमांक १ ची तारीख गावागणिक वेगळी असते. त्यापलीकडे जायचे तर घराणे इनामदार-वतनदार असावे लागते. इनाम कमिशनचे आणि पेशवे दप्तराचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. ते बहुतांश मोडीत आहेत. तिथे नावाचा शोध पडद्यावर होत नाही. गाव-परगणा सांगून रुमाल मागवावा लागतो.

प्रश्न (उदगीर): आजोळचे जुने कागद उर्दूत आहेत आणि वर्ष १३४१ असे काहीतरी आहे. हे हिजरी का?

उत्तर: बहुतेक फसली. निजामाच्या राज्यात महसुली कागदांवर फसली सन असे आणि तो ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवा आणि जानेवारी ते सप्टेंबरमधल्या तारखेला ५९१. तुमचे १३४१ म्हणजे १९३१-३२. महिन्यांची नावे पाहिलीत की खात्री होईल. आझूर, दै, बहमन, खुर्दाद, तीर, मेहेर अशी फारसी नावे असतील तर ते फसलीच. मोहरम, सफर, रज्जब असेल तर हिजरी, आणि १३४१ हिजरी म्हणजे १९२२-२३. चुकीचा सन धरला की नऊ वर्षांचा फरक पडतो आणि आजोबा-पणजोबांची अदलाबदल होते.

‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आपला ‘बिन’च. ‘पट्टेदार’ ज्याच्या नावे जमीन आहे तो आणि ‘कब्जेदार’ प्रत्यक्ष कसणारा. ही दोन माणसे वेगळी असू शकतात. उर्दू वाचता येत नसेल तर १९५० च्या दशकातले खासरा पत्रक आधी गाठा. ते मराठीत मिळण्याची शक्यता जास्त. तिथून उर्दू कागदाकडे मागे जा, म्हणजे निदान कोणती नावे शोधायची ते ठाऊक असेल. पेशवाईतल्या कागदांवर आणखी वेगळा, शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. पानिपत झाले ती जानेवारी १७६१ याच सनातली.

प्रश्न (कोरेगाव): खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत, एवढेच घरात सांगतात. नोंद मिळेल का?

उत्तर: मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि फुकट. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत मेलेल्यांची नोंद आहे. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली तरी नोंदीची मुदत पुढे १९२१ पर्यंत आहे, हे ध्यानात ठेवा. जखमांनी किंवा आजाराने नंतर गेलेले या मुदतीत सापडतात.

नाव इंग्रजीत टाकायचे आणि इथेच सगळी गंमत आहे. कारकुनाने ऐकले तसे लिहिले. पवारांच्या नावातला ‘अ’ कधी ‘ओ’ झालेला असतो, शिंद्यांचा शेवटचा ‘ए’ कधी ‘ई’ने तर कधी ‘आय’ने लिहितात. आडनावाच्या जागी बापाचे नाव असते किंवा एकच नाव असते. म्हणून आडनावावर हट्ट धरू नका. देश ‘भारतीय सेना’ निवडा, मग रेजिमेंट निवडा. मराठा पलटणी तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. त्यामुळे ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन’ असे आजचे नाव टाकून १९१६ चा सैनिक सापडणार नाही. महार समाजातल्या घराण्यांनी १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटणही पाहावी. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होत्या. तो वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. तुमच्या खापरपणजोबांची मृत्युतारीख त्यानंतरची असेल तर ते युद्धकैदी असण्याचाही विचार करा.

नाव सापडले की थेट आनंद करू नका. ‘अधिक माहिती’ या रकान्यापर्यंत खाली या. बऱ्याच भारतीय सैनिकांच्या नोंदीत तिथे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. हा रकाना जुळला तरच माणूस तुमचा. नुसते ‘रामा’ आणि ‘गणपत’ डझनांनी भेटतील. यादी उतरवून घ्यायची सोय आहे. एका पलटणीची सगळी यादी उतरवा आणि तक्त्यात गावाच्या नावाचे पहिले तीन-चार अक्षर शोधा. ही पद्धत नावाच्या शोधापेक्षा पुष्कळ लवकर फळ देते.

बसरा स्मारकाच्या भिंतीवर भारतीय शिपायांची नावे नव्हती, फक्त पलटण आणि आकडा होता. नावे रजिस्टरात आहेत. त्यामुळे स्मारकाचे फोटो पाहून ‘आमचे नाव नाही’ म्हणणे चुकीचे. जे जिवंत परतले ते या यादीत कधीच नसतात. त्यांच्यासाठी गावातली संगमरवरी पाटी बघा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले’ अशा पाट्या साताऱ्याकडे चावडीत, देवळाच्या ओवरीत अजून आहेत. त्यावर आकडा असतो, नावे नसतात. पण आकडा मिळाला की किती नोंदी शोधायच्या ते कळते. पंजाबातल्या सैनिकांची गाववार रजिस्टरे काही वर्षांपूर्वी ऑनलाइन आली, त्या बातम्यांवरून अनेकांनी विचारले आहे. ती फक्त पंजाबची आहेत, आपल्यासाठी त्यात काही नाही.

प्रश्न (माजलगाव, पैठण आणि आणखी दोघे): जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या कुणबी नोंदींच्या गाववार पीडीएफ आहेत. त्यात आमचे नाव टाकून शोधले तर काहीच सापडत नाही.

उत्तर: त्या फाइली म्हणजे पानांचे फोटो आहेत. त्यात अक्षरे नाहीत, त्यामुळे कंट्रोल-एफ चालणार नाही. पाने डोळ्यांनीच चाळायची. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या, कुणबी नोंदी शोधणाऱ्या समितीच्या कामासाठी हे कागद तालुक्या-तालुक्यांतून काढून स्कॅन झाले. जातीच्या दाखल्याशी तुमचा संबंध नसला तरी वंशावळीसाठी हा साठा उपयोगाचा आहे, कारण त्यात महसुली कागद, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरे एकाच जागी आली आहेत.

जन्म-मृत्यूचे रजिस्टर म्हणजे जुना गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’. आजचा नमुना १४ पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे, तलाठ्याकडे नुसते ‘चौदा नंबर’ मागितले तर घोटाळा होतो. कोतवाल बुकात जन्माच्या रकान्यात पुष्कळदा बाळाचे नाव नसतेच. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असते, म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच, आणि पुढे बापाचे नाव. पणजोबांच्या नावाने शोधाल तर ते सापडणार नाहीत. त्यांच्या वडिलांच्या नावाने सगळे जन्म काढा आणि भावंडांच्या क्रमाने कोणता मुलगा कोण ते बसवा. पान मोडीत असेल तर शेजारी देवनागरी लिप्यंतर जोडलेले आहे का ते पाहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे काढत नाहीत आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याचाही हात चुकतो. मूळ पान बाजूला ठेवूनच वाचा.

प्रश्न (नाशिक रोड): तीर्थोपाध्यायांच्या वह्या ऑनलाइन झाल्या आहेत असे ऐकले. घरबसल्या पाहता येतील का?

उत्तर: हरिद्वारच्या काही आल्या आहेत, पण त्यात मराठी घरे मिळतील अशी फार आशा धरू नका. ‘फॅमिलीसर्च’ या अमेरिकन संकेतस्थळावर हिंदू तीर्थयात्रेच्या नोंदींचा संग्रह आहे, खाते फुकट उघडता येते. पाने बहुतेक नुसती चित्रे आहेत, नावाने शोध नाही. संग्रहात जागा, मग पुरोहित, मग वही असे उतरत जायचे. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते पान त्यांच्या केंद्रात जाऊनच उघडते.

आपल्या लोकांची जुनी तीर्थे त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. तिथे वही उपाध्यायाच्या घरीच असते. तुम्ही नाशिक रोडला आहात, एका सकाळचे काम आहे. वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवर लावलेल्या असतात. कोणत्या घराण्याचा उपाध्याय कोण हे तिथल्या कोणत्याही पुरोहिताला विचारले तर सांगतात. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने सही केलेली असते आणि बरोबर आलेल्या बायका-मुलांची नावेही असतात. सातबाऱ्याने गाळलेली माणसे इथे भेटतात, म्हणून या वहीचे मोल जास्त. दक्षिणा काय ते आधी ठरवा आणि फोटो काढू देतील का तेही आधीच विचारा. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या घरांनी हेळवी लोकांकडेही चौकशी करावी. घराण्यांच्या पिढ्या सांगणे हा त्यांचा परंपरेचा धंदा आहे.

प्रश्न (महाड): खापरपणजोबांचे भाऊ मॉरिशसला मजूर म्हणून गेले. त्यांचे वंशज शोधायचे आहेत.

उत्तर: मॉरिशसच्या बाजूचे दप्तर आपल्यापेक्षा कितीतरी व्यवस्थित आहे. १८३४ नंतर तिथे सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर भारतातून गेले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक बरेच होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरे आहेत. प्रत्येकाला एक स्थलांतर क्रमांक दिलेला असे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि जहाज. १८६० च्या दशकापासून अनेकांचे फोटोही आहेत.

हा साठा गुगलसारखा उघडा नाही. वंशज अर्ज करतात आणि संस्था उतारा देते. तुमची बाजू उलटी आहे. तुम्ही भारतात राहिलेल्या भावाचे वंशज, हाती क्रमांक नाही. म्हणून अर्जात गाव, तालुका, ‘रत्नागिरी’ किंवा ‘कुलाबा’ यांपैकी तेव्हाचा जिल्हा, बापाचे नाव आणि जाण्याचा अंदाजे दशक द्या. वर्ष ठाऊक नसेल तर गावातल्या फेरफारात किंवा वाटपपत्रात ‘परागंदा’ किंवा ‘बेपत्ता’ अशी नोंद आहे का पाहा. नावाबद्दल एक धोका आहे. मजुराचे एकेरी नाव हेच पुढच्या पिढीचे आडनाव झाले. तुमचे आडनाव मॉरिशसच्या फोन-डिरेक्टरीत शोधणे व्यर्थ. सखाराम गेला असेल तर तिथे ‘सखाराम’ आडनावाचे कुटुंब शोधायचे. तेही ‘क’साठी ‘के’ ऐवजी ‘सी’ घालून लिहिलेले असू शकते.

प्रश्न (कुडाळ): आमचे मूळ फोंडा महालातले, हिंदू. गोव्याच्या चर्चची रजिस्टरे फार जुनी आहेत म्हणतात, त्यात काही मिळेल का?

उत्तर: नाही. ती ख्रिस्ती कुटुंबांची. ख्रिस्ती वाचकांसाठी एवढेच सांगतो की पोर्तुगीज सूची आडनावावर नाही, पहिल्या नावावर लावलेली असते. त्यामुळे ‘आडनाव सापडत नाही’ म्हणून घाबरू नये.

तुमच्यासाठी देवस्थान हा दरवाजा आहे. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवळांच्या महाजनांचे (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांचे) नियम केले आणि १९३३ मध्ये ते सुधारले. त्या नियमांखाली प्रत्येक देवस्थानाची महाजनांची यादी ठेवली जाते आणि महाजनपण वंशाने येते. कुलदेवता कोणती ते नक्की करा, देवस्थान समितीकडे यादी मागा आणि तिथे दाद लागली नाही तर मामलेदार कार्यालयात जा, कारण देवस्थानांचा प्रशासक तोच असतो. जुनी जमीन-नोंद आणि नागरी नोंदणीसाठी पणजीचे पुराभिलेख खाते. लिपी रोमन, भाषा पोर्तुगीज. नावे मात्र ओळखू येतात.

प्रश्न (ठाणे): एका संकेतस्थळावर कुणीतरी आमची वंशावळ टाकली आहे. ती थेट शिवकाळातल्या एका सरदारापर्यंत जाते. आमचीही नावे त्यात आहेत. विश्वास ठेवावा का?

उत्तर: प्रत्येक दुव्याखाली कागद आहे का ते बघा. फेरफार क्रमांक, रुमाल, छापील कुलवृत्तांताचे पान यांपैकी काहीही चालेल. बहुतेकदा १९०० पर्यंत कागद असतो, सतराव्या शतकात इतिहास असतो आणि मधली पाच-सहा नावे हवेत लटकलेली असतात. तिथे ‘अज्ञात’ लिहा. छापील कुलवृत्तांत असल्यास तो आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळू शकतो, पण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांची नावे तिथे विचित्र रोमन स्पेलिंगात चढली आहेत. दीर्घ ‘आ’साठी दोनदा ‘ए’ घालून आणि शेवटी एक जादा ‘ए’ लावूनही शोधून पाहा.

जिवंत माणसांची नावे आणि जन्मतारखा मात्र आजच काढायला लावा. आईचे माहेरचे आडनाव हा बँका ओळख पटवायला विचारतात तो प्रश्न असतो आणि वंशावळीत तो उत्तरासकट छापलेला असतो. संकेतस्थळाच्या मदत-पानावर ‘जिवंत व्यक्ती’ असा तक्रारीचा प्रकार असतो. त्यातून लिहा आणि प्रत्येक नावाचा दुवा वेगळा द्या.